मी फोडलेला टोपाझ

टोपाझ कठीण असतो. पोलादानं त्याच्यावर ओरखडा उठत नाही. पण त्याच्या अंगात एक दिशा असते, आणि त्या दिशेनं नेमका धक्का बसला तर त्याचे दोन तुकडे होतात, सुरीनं साबणाची वडी कापावी तसे सपाट. माझ्या वडिलांनी मला खडे बसवायला शिकवलं तेव्हा पहिल्या आठवड्यातच हे सांगितलं होतं. माणिक चालेल, पाचूला जपायचं, आणि टोपाझ हातात आला की आधी त्याची दिशा शोधायची, मगच सळई लावायची. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मी पेडण्याच्या बाजारात चाळीस वर्षं सोनारकी केली. आता डिचोलीला मुलाकडे राहतो. त्याच्या दुकानात दागिने तयार येतात आणि खडे तपासायला यंत्र आहे. माझं वय सत्त्याहत्तर आहे. हात थरथरतात, पण डोकं शाबूत आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे लोकांनी मला म्हातारचळ लागला असं ठरवलं, आणि मी जे सांगतोय त्याला तेच एक उत्तर त्यांच्याकडे आहे.

पार्शाला काजू आणि नारळाचा व्यापार करणारं एक घर होतं. माझे वडील त्या घरचे शेट, म्हणजे सोनार, त्यांच्यानंतर मी. आमच्याकडे प्रत्येक घराचा आपला शेट ठरलेला असतो. बारशाच्या बाळ्यांपासून लग्नाच्या मंगळसूत्रापर्यंत सगळं त्याच्याच हातून जातं. गणपतीच्या चवथीला त्याच्या घरी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, पोचतात, लग्नात त्याला नारळ देतात. आणि घरचा शेट चिठ्ठी देत नाही. दागिना आला, काट्यावर दोघांसमोर वजन झालं, की संपलं. चिठ्ठी मागणं म्हणजे शेटाच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं.

त्या घरच्या थोरल्या बाईंना मी वयनी म्हणायचो. त्यांच्या बोटात एक जुनी आंगठी होती. मोठा लांबट टोपाझ, त्यांच्या सासऱ्यांनी पोर्तुगीज अमदानीत कोणा अधिकाऱ्याकडून घेतलेला, खडा ब्राझीलचा. पिवळ्यात तांबूस, पिकलेल्या काजूच्या बोंडासारखा रंग. गोव्यात मी असे दोनच पाहिले, दुसरा याच्या निम्माही नव्हता. दिवसा उंबऱ्यात धरला तर तळहातावर त्याचा उजेड सांडायचा.

वयनींची बोटं सुजू लागली आणि आंगठी अडकायला लागली. ती सैल करायला त्यांनी सुनेबरोबर माझ्याकडे पाठवली. सून केरीची, लग्नाआधी शाळेत शिकवायची. कडेवर दोन वर्षांचा मुलगा होता. मी काट्यावर आंगठी ठेवली, तिला वजन दाखवलं. ती म्हणाली, "शेटमामा, एक चिठ्ठी द्याल? वजन आणि खडो कसलो तां लिवन."

मी हसलो. बाकावर आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्याकडे बघत मोठ्यानं म्हणालो, "अगो, तुझ्या सासूक विचार आमच्यात चिठ्ठी आसता काय ती. शिकलेल्या सुना हाडल्या की असां जाता."

गिऱ्हाइकंही हसली. तिचे कान लाल झाले. "तसां न्हय ओ, परक्याची वस्तू, म्हणान म्हटलां," ती म्हणाली.

"परक्याची? सासूची वस्तू परक्याची?" मी म्हणालो.  पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन ती निघून गेली.

खडा ज्या चार नखांनी धरलेला होता ती मी उघडली, खडा काढून ठेवला, आंगठीत तुकडा घालून ती वाढवली. तिसऱ्या दिवशी खडा परत बसवायला घेतला. तीन नखं नीट वळली. चौथं जाड होतं, वळेना. मी सळई ठेवून वरून हलकं ठोकलं. पुन्हा ठोकलं. मला जेवायला जायचं होतं, बाकी काही कारण नव्हतं. नखाखाली बारीक आवाज झाला, काडी मोडल्यासारखा. मला वाटलं नख मोडलं. चिमट्यानं खडा हलवला तर अर्धाच हलला.

तुटलेली बाजू आरशासारखी होती. मी ती बराच वेळ बघत बसलो. इतकं स्वच्छ काही माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

त्याच दिवशी पार्शाला जाऊन सांगायला हवं होतं. वयनी रडल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, आणि एखाद्या चवथीला नेवऱ्या आल्या नसत्या. आज मला तेवढंच दिसतं. तेव्हा मला दिसलं ते असं, की माझ्या बापाच्या हातून पन्नास वर्षांत एक खडा फुटला नाही आणि माझ्या हातून तालुक्यातला सगळ्यात मोठा फुटला. आता सगळी घरं आपले दागिने दुसरीकडे नेणार. मी तुकडे रुमालात बांधले. माझ्याकडे सुनेल्याचा, म्हणजे पिवळ्या स्फटिकाचा, एक मोठा खडा पडून होता. सुनेला स्वस्त असतो, पण चांगला तापवलेला असला तर रंग जवळ जातो. बेळगावला नेऊन तो त्याच मापाला पैलू पाडून आणला.

पण सुनेला हलका. तेवढ्याच आकाराच्या टोपाझापेक्षा पावपट कमी भरतो. वयनींना आंगठीचं वजन तोंडपाठ होतं. त्या आंगठीची पाठ बंद होती, खड्याखाली पोकळी होती. त्या पोकळीत मी सोन्याची एक पातळ चकती बसवली, साडेतीन गुंजा. माझ्या स्वतःच्या सोन्याची. घासून चकचकीत केली, म्हणजे खालून उजेड परतेल. वाढवायला घातलेला तुकडा धरून वजन काट्यावर बरोब्बर आलं. चोरी करताना पदरचं सोनं घालणारा सोनार मीच असेन.

सून आंगठी न्यायला आली. तिनं ती घेतली आणि दुकानाच्या उंबऱ्यात जाऊन उन्हात धरली. मी काट्याकडे बघत होतो.

"शेटमामा, ह्येचो उजेड बसल्यासारखो दिसता."

"मेण लागलेलां आसतला मागसून. चार दिवसांनी खुलतलो," मी म्हणालो.

"चार दिवसांनी?"

"हातात घालीत रवा म्हण सासूक."

ती घरी गेली आणि जे वाटलं ते तिनं सासूला जसंच्या तसं सांगितलं. खडा मंद दिसतो, शेट म्हणतात मेण आहे. वयनींची नजर तेव्हाच अधू झाली होती. त्यांनी आंगठी घातली आणि विषय संपला. तुकड्यांचा रुमाल मी तेरेखोलला एका लग्नाला जाताना केरीच्या फेरीबोटीतून पाण्यात टाकला. ज्या धंद्यात दुकानातली झाडलेली मातीसुद्धा ती धुऊन सोनं काढणाऱ्या झारेकऱ्यांसाठी जपून ठेवतात, त्या धंद्यातल्या माणसानं.

तीन वर्षांनी वयनींची मुंबईची लेक चवथीला आली. जाताना आंगठी घेऊन गेली, आईच्या माघारी ती तिला मिळायची होती. तिकडे कोणीतरी सांगितलं म्हणून तिनं खडा तपासून घेतला. टोपाझ नाही, सुनेला खडा आहे, असा कागद आला. पुढच्या रविवारी चौघंजण माझ्या दुकानात आली: वयनी, त्यांचा मुलगा, मुंबईची लेक आणि सून. मुलाचे डिचोलीला खाणीवर ट्रक होते, तो त्याच कपड्यांत आला होता. सून बाकाच्या टोकाला बसली.

वयनींनी विचारलं, "शेटानू, खरां काय तां सांगा. आंगठी तुमच्याकडे इली तेव्हा खडो तोच होतो?"

मला हे विचारतील हे मला माहीत होतं. तीन वर्षं मी उत्तर तयार करत होतो. खोटं वाटणार नाही असं उत्तर.

"माझ्याकडे जो इलो तो मी बसवलंय, वयनी. मी सोन्याचो माणूस. वजन बरोबर होतां मा? वजन चुकलां आसलां तर माझां नाव घ्या."

"वजन बरोबर होतां," वयनी म्हणाल्या.

मुंबईची लेक भावजयीकडे वळली. "आणि उजेड बसला असं घरी येऊन पहिल्यांदा कोण म्हणालं? कोणालाच कळलं नसतं. हिलाच कसं कळलं? आंगठी नेली-आणली तीही हिनंच."

सून तिच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. "शेटमामा, मी तुमच्याकडे चिठ्ठी मागितल्लंय मा? खडो लिवन द्या म्हटलंय."

मला ते शब्द, तिचे लाल झालेले कान, बाकावरची गिऱ्हाइकं, सगळं आठवत होतं.

"माका आठवत नाय," मी म्हणालो.

तिच्या नवऱ्यानं एकच वाक्य उच्चारलं, "चल, उठ." मला नमस्कार करून सगळी गेली. जाताना वयनी म्हणाल्या, "तुमका त्रास झालो, शेटानू." त्या चवथीलाही माझ्याकडे नेवऱ्या आल्या.

तिला कोणी मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही. फक्त कपाटाच्या किल्ल्या तिच्या कमरेवरून गेल्या. कोणाच्या घरी बारशाला गेली तर बायका आपल्या पिशव्या जवळ ओढायच्या. माहेरी खडा विकून भावाला होडी घेऊन दिली असंही कोणी म्हणालं. दोन वर्षांनी ती चार दिवसांसाठी माहेरी केरीला गेली आणि तिला आणायला कोणी गेलं नाही. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. शाळा बुडेल म्हणून त्याला इकडेच ठेवून घेतलं होतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. पेडण्याच्या बाजारात सगळं कळतं.

यंदा मे महिन्यात त्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली. पत्रिकेत आजीचं नाव, बापाचं नाव, मुंबईच्या आत्याचं नाव. आईच्या नावाची ओळच नव्हती. वारली असती तर तसं छापलं असतं. मी पत्रिका माझ्या मुलाच्या काउंटरवर ठेवली आणि बस पकडून पार्शाला गेलो. लग्नाला नऊ दिवस होते.

वयनी आता नव्वदीच्या आहेत. सोप्यावर आरामखुर्चीत बसल्या होत्या, कान मात्र तल्लख. मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. सळई, सुनेला, चकती, फेरीबोट.  संपल्यावर म्हणाल्या, "कोणी पाठवल्यान तुमका?"

"कोणी नाय, वयनी. माझो मीच इलंय."

"केरीसून निरोप इलो आसतलो. लग्न जवळ इलां मा. तिका येवचां आसतला."

"वयनी, देवाशपथ सांगतंय. आंगठी काढा, मी तुमच्यासमोर फोडून दाखयतंय. खड्याखाली चकती आसा, माझ्या हातची."

"आंगठी खय आता?" त्या म्हणाल्या. "तो खोटो खडो कोण घालतलो? नातसुनेच्या मंगळसूत्रात घातली आटवून. म्हापशाच्या सोनारान केल्यान."

आटवताना साडेतीन गुंजा नक्कीच जास्त निघाल्या असणार. म्हापशाच्या सोनाराला ते कळायचं काही कारण नव्हतं. आंगठीचं पहिलं वजन आता एकट्या वयनींच्या डोक्यात होतं, आणि त्यात फरक नव्हताच. मीच तो ठेवला नव्हता.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शेटानू, तुमी म्हातारे झालात. तुमच्या बापाशीन ह्या घरात कधी गुंजभर इकडचां तिकडे केल्यान नाय, आणि तुमी तिच्यासाठी सोताक चोर म्हणून घेतात. देवमाणूस तुमी." आणि आत हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला.

मी खोटं बोललो तेव्हा या बाईंनी ते एका वाक्यात खरं मानलं होतं. आता तासभर खरं सांगून मी देवमाणूस झालो.

बाहेर पडताना शेजारच्या अंगणात एक म्हातारी कोकमाची सोलं वाळत घालत होती. तिला ऐकू गेलं होतं. ती म्हणाली, "आमका ठावक होतां ओ. तां चेडू असां करणारां न्हय." मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललात? सोलं पसरत ती म्हणाली, "शेटान सांगितल्यार आमी काय बोलतलो?"

दुसऱ्या दिवशी मी केरीला गेलो. ती भावाच्या घराला लागून असलेल्या खोलीत राहते, लहान मुलांच्या शिकवण्या घेते. केस पांढरे झालेत. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि समोर उभी राहिली. मी बोललो. तिच्या पायांना हात लावायला वाकलो तेव्हा ती मागे सरकली.

तिनं विचारलं, "किती तुकडे झाले?"

"दोन."

"म्हणजे दुकानाच्या दारात मी बघलंय तो दुसरोच होतो."

"दुसरोच."

ती खाली बसली. "माकाच वाटूक लागलां होतां," ती म्हणाली. "वीस वर्षां. वाटेत बस थांबली होती, कडेवरचो झील रडत होतो, पिशवी मी सीटवर ठेवली होती. तितक्यात कोणी बदलल्यान काय? मी सांभाळूक नाय काय? रोज ती बस माझ्या डोळ्यांसमोर येता."

मी चोरीचा आळ तिच्यावर जाऊ दिला एवढंच मला वाटत होतं. ती स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवेनाशी झाली हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हणालो, तू सांगशील ते करीन. पेपरात देतो, देवळात सांगतो. ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "माझ्याकडे कित्याक इलात? माका काय तां ठावक होतां. माझ्या झिलाक सांगा."

तिचा मुलगा मोरजीला एका गेस्ट हाउसचं काम बघतो. मी गेलो तेव्हा तो खोल्यांच्या चादरी मोजून घेत होता. मला त्यानं खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. बापासारखाच कमी बोलतो.

"आजयेन फोन केलो होतो," तो म्हणाला. "तुमी येतलात म्हणान. आवशीन पाठयल्यान तुमका, असां ती म्हणता."

मी पुन्हा सगळं सांगितलं, तिसऱ्यांदा. सांगून सांगून ते मलाच पाठ केल्यासारखं ऐकू येत होतं.

तो म्हणाला, "शेटमामा, तेव्हा खोटां बोललात, असां तुमीच सांगतात. मगे आता खरां बोलतात ह्यां मी कशावरून मानू?"

 आंगठी आटली होती, तुकडे पाण्यात होते. मी म्हणालो, नको मानू. पण तिला लग्नाला बोलाव.

"खड्याचां माका काय पडलेलां नाय," तो एकदम म्हणाला. "घेतल्यान आसात, नाय आसात. मी सात वर्षांचो होतंय. चार दिवसांनी येतंय म्हणान गेली. मी पावसाळोभर गेटीवर बसलंय. माका न्हेवक ती एकदा तरी इली काय?"

इथे मला एक गोष्ट लिहायची आहे जी मी वयनींना सांगितली नाही, तिच्याही समोर काढली नाही, आणि या कागदावर आत्तापर्यंत टाळली. ती आली होती. केरीला गेली त्याच वर्षी श्रावणात ती माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "शेटमामा, माझ्याबरोबर पार्शाक चला. माका घरात घेव नकात, पण झिलाक दिया, इतक्यांच सांगा. तुमचां ते आयकतत." मी म्हणालो, गिऱ्हाईक येणार आहे. दुकानात कोणी नव्हतं. ती एकटीच पार्शाच्या बसमध्ये चढली, आणि तासाभरात त्याच बसनं परत आली, एकटी. दिवाळीनंतर पुन्हा आली. या वेळी ती बाजाराच्या कोपऱ्यावर दिसली आणि मी शटर अर्धं ओढून आत बसलो. तिचे पाय शटरखालून दिसत होते. पाच मिनिटं ती तिथे उभी होती. हाक मारली नाही.

हे मी तिच्या मुलाला सांगितलं. त्याच्या हातातल्या चादरी तशाच राहिल्या.

"दोनदा?" त्यानं विचारलं.

"मी बघितलंय ती दोनदा."

"गेटीपर्यंत इली होती?"

"तां माका ठावक नाय. बसमध्ये चढताना बघितलंय."

तो उठून बाहेर गेला. मी अर्धा तास बसलो, तो परत आला नाही. दुसऱ्या माणसानं येऊन मला बसस्टँडवर सोडलं.

लग्न झालं. मी गेलो नाही. माझा मुलगा जाऊन आला. त्याला मी विचारलं, नवऱ्याची आई होती का? तो म्हणाला, नव्हती, आत्यानंच सगळं केलं. मी दोन दिवस अंथरुणातून उठलो नाही.

मग केरीहून तिचा फोन आला. माझा नंबर तिनं कुठून मिळवला मला माहीत नाही. म्हणाली, लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तो आला होता. स्कूटर बंद न करता दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही.

"काय म्हणालो?" मी विचारलं.

"विचारल्यान, माका न्हेवक तू किती वेळा इलंस."

"मगे?"

"मी सांगितलंय, चार."

 मला दोनच माहीत होत्या.

"लग्नाचां काय बोललो?"

"नाय," ती म्हणाली. "चार म्हटल्यार गेलो."